आयर्लंडमध्ये स्कंक नसतो

वॉटरफोर्ड, १४ एप्रिल

प्रा. मोहन कुंटे यांस,

आमच्या माळ्यावर स्कंक शिरला आहे.

एवढं वाक्य वाचल्यावर तुम्ही हा कागद चुरगाळणार नाही, याची मला खात्री आहे. तुम्ही माझा नंबर ब्लॉक केलात. ई-मेल उघडत नाही, असं तळमजल्यावरच्या रमेशभावजींनी कळवलं. म्हणून हाताने लिहून फोटो त्यांना पाठवते आहे. ते छापतील आणि तुमच्या दाराखालून आत सरकवतील. भल्या माणसाला निवृत्तीनंतर पोस्टमन व्हावं लागलं, ही तुमची कृपा.

निघताना दारात उभं राहून तुम्ही जे सुनावलंत, ते मला पाठ आहे. "जायचं तर जा. पण परत आल्यावर या घरात तिचं नाव निघणार नाही." लग्न न करता मूल होऊ देणाऱ्या मुलीचं नाव उच्चारलं की जीभ झडते, असा शोध प्राणिशास्त्रात लागला असेल तर मला कल्पना नाही. तरी मी तुमचा नियम पाळते आहे. या पत्रात तिचं नाव नाही. तिला मी डॉक्टर म्हणेन, ती आहेच. तिच्या मुलीला धाकटी म्हणेन. तिलाही नाव आहे, पण नावांचं वावडं असलेल्या माणसाला ते कळवण्याचं कारण नाही. माझं परतीचं तिकीट ५ जुलैचं आहे. त्या नियमाच्या घरात परत यायचं की नाही, हे मी तोवर ठरवणार आहे.

तेव्हा स्कंक.

हे घर डेक्लनच्या आजीचं. गावाबाहेर, नदीच्या अलीकडे, मागे दाट झाडी. छपराच्या वळचणीखालची फळी एका कोपऱ्यात कुजली आहे, तिथून जनावर ये-जा करतं. धाकटीच्या खोलीच्या बरोबर वर धावतं. आंबलेला मध आणि ओलं कांबळं एकत्र ठेवावं तसा वास आहे. शिवाय मागच्या पायरीवर, अगदी मधोमध, सगळ्यांना दिसेल अशा ठिकाणी ते विष्ठा करून ठेवतं. त्यात पिसं असतात, बिया असतात. इतक्या दिमाखात मांडलेली विष्ठा मी पूर्वी फक्त तुमच्या विद्यापीठाच्या परिसंवादांतच ऐकली आहे.

डेक्लनला सांगितलं. हा धाकटीचा बाप. डॉक्टरच्याच हॉस्पिटलात एक्स-रे काढतो. त्याच्याकडे जगातल्या सर्व प्रश्नांना एक उत्तर आहे: "ग्रँड." छप्पर गळतंय? ग्रँड. दूध उतू गेलं? ग्रँड. माळ्यावर जनावर आहे? "शुअर, इट्स ग्रँड, आय-ई." मला तो आई म्हणतो आणि त्या दोन अक्षरांचं असं काही करतो की मीच ओ देत नाही.

शिवाय तो चोर आहे. बाळंतिणीसाठी मी डिंकाचे लाडू केले. इथल्या कपाटांना प्रेस म्हणतात आणि सगळ्या प्रेसमध्ये चहाच्या पिशव्या कोंबलेल्या आहेत. म्हणून आपल्या रीतीप्रमाणे लाडूंची परात पंचा झाकून माळ्यावर ठेवली. वर गारवा छान असतो. रोज लाडू कमी होताहेत. डॉक्टरला टाके आहेत, तिला शिडी चढता येत नाही. उरलं कोण?

स्कंक कसा हाकलतात, हे आपल्याला ठाऊक असेल. नसलं तर तसं सांगा.

प्रमोदिनी


वॉटरफोर्ड, २३ एप्रिल

प्रोफेसरसाहेब,

महिन्याभरानंतर आपलं पहिलं वाक्य मिळालं. "आयर्लंडमध्ये स्कंक नसतो." खाली पूर्ण सही. मी जणू पाणीपुरवठा खातं.

पाठीमागे अर्धं पान स्कंकवर आहे, ते वाचलं. उत्तर आणि दक्षिण अमेरिकेतला प्राणी. नजर अधू, नाक तल्लख. अंगणात मांजराचं खाणं, पडलेली फळं, उघडी कचरापेटी ठेवली की येतो. ओसरीखाली, लाकडांच्या ढिगाखाली घर करतो. त्याला हाकलायचं तर आरडाओरडा करायचा नाही. खाण्याचं आमिष काढून घ्यायचं, सांद बुजवायची, तीही आत कोणी नाही ना हे पाहून. कुत्र्यावर फवारा उडालाच तर टोमॅटोच्या रसाचा काही उपयोग नाही. हायड्रोजन पेरॉक्साइड, खाण्याचा सोडा आणि थोडा साबण. छान लिहिलं आहे. संपादनाला फार वाव नाही, आणि असं मी आपल्या लेखनाबद्दल क्वचितच म्हटलं असेल.

एक गोष्ट मला नवी होती. स्कंक एकदम फवारत नाही, असं तुम्ही म्हणता. आधी पुढचे पाय जमिनीवर आपटतो. मग शेपटी उभारतो. मग पाठ वळवतो. समोरच्याला निघून जायची तीन वेळा संधी देतो, कारण फवारा एकदा संपला की पुन्हा भरायला आठवडाभर लागतो. म्हणजे एवढासा वास मारणारा प्राणीसुद्धा विचार करून उडवतो. तुम्ही गेल्या दिवाळीत जेवणाच्या ताटावर, डॉक्टरने फोनवर बातमी सांगितल्या क्षणी, शेपटीसुद्धा न उभारता उडवलंत. वास अजून आहे.

आता कळवा, स्कंक नाही तर काय आहे? जनावर मी अजून पाहिलेलं नाही.

लाडवांचा निकाल लागला. रविवारी सगळ्यांसमोर मी डेक्लनला विचारलं, "लाडू तू खाल्लेस?" त्याने डॉक्टरकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग कान लाल केले. "अ फ्यू," म्हणाला. "दे वेअर लव्हली. सॉरी, आय-ई." निदान कबूल तरी झाला. मी त्याला बाळंतिणीच्या लाडवांचं महत्त्व पाऊण तास समजावलं. तो मान डोलवत राहिला. शेवटी म्हणाला, "ग्रँड."

दुसरी परात केली आहे. तीही वर ठेवली आहे. आता त्याची हिंमत बघते.

प्र.


वॉटरफोर्ड, २ मे

प्रोफेसरसाहेब,

जनावर पाहिलं. दुपारी, भर उजेडात. वळचणीतून डोकं बाहेर काढलं, इकडेतिकडे पाहिलं, पन्हाळीवरून चालत गेलं आणि जिन्यासारखं झाडाच्या बुंध्यावरून खाली उतरलं. मांजराएवढं लांब, अंगाने सडसडीत, रंग दाट कॉफीचा, शेपूट झुबकेदार. गळ्याखाली पिवळसर मलईच्या रंगाचा डाग, लाळेरं बांधल्यासारखा. आणि तोंडात माझा डिंकाचा लाडू.

डेक्लन म्हणाला, पाइन मार्टन. इकडच्या भाषेत त्याला झाडमांजर म्हणतात म्हणे. म्हणजे आपल्या उदमांजराचा भाऊ, मांजराचीच जात. नर असावा असं मला वाटतं. रुबाब मोठा आणि काम काही नाही.

लाडवांचं मी डेक्लनला विचारलं. "मग तू खाल्ले म्हणून का सांगितलंस?" तर हा माणूस म्हणतो, त्याला वाटलं डॉक्टरने खाल्ले असतील, टाके असताना शिडी चढून, आणि मी तिला ओरडेन. म्हणून आपल्या अंगावर घेतलं. "इट वॉज ओन्ली अ बिट ऑफ गिव्हिंग आऊट," म्हणाला. गिव्हिंग आऊट म्हणजे इथे रागावणं. मी त्याला दोन आठवडे चोर म्हणत होते, आणि हा ऐकून घेत होता. इतका मूर्ख माणूस मी पाहिलेला नाही. आपल्या घरात सत्त्याऐंशी साली फुटलेल्या बरणीचासुद्धा गुन्हेगार अजून ठरलेला नाही, आणि हा न केलेल्या चोरीची शिक्षा भोगतो.

तर उद्या शनिवार. जनावर दुपारी बाहेर पडलं की डेक्लन भोकावर नवी फळी ठोकणार आहे. मीच सांगितलं. त्याचं मन नव्हतं. संरक्षित प्राणी आहे, आधी वन्यजीव खात्याला विचारू, असं पुटपुटत होता. मी म्हटलं, खात्याला विचारत बसलास तर धाकटी पदवीधर होईल. हे तरी मी बरोबर केलं ना? की यातही चूक आहे?

धाकटीला रोज संध्याकाळी धुरी देते. ओवा, वेखंड, बाळंतशोपा, लसणाची सालं. निखारे अंगणातल्या बार्बेक्यूमधून. धूर झाला की छतावरचं यंत्र बोंबलतं आणि डेक्लन पंचा फडकवत त्याच्याखाली उभा राहतो. यावर काही शास्त्रीय मत असल्यास स्वतःकडे ठेवावं.

प्र.


वॉटरफोर्ड, ४ मे

प्रोफेसरसाहेब,

काल काय झालं ते क्रमाने लिहिते. तुम्ही अर्धंच ऐकलं आहे.

साडेअकराच्या सुमारास जनावर बाहेर पडलं. डेक्लन शिडीवर चढला आणि फळी ठोकली. मी खाली शिडी धरून होते. मला फार बरं वाटत होतं. घर आपलं, भिंत आपली, भोक बंद. जेवायला बसतो न बसतो तोच ते परत आलं. फळीपाशी गेलं. नखांनी ओरबाडलं. दाताने कड धरून ओढली. पन्हाळीवरून या टोकापासून त्या टोकापर्यंत धावलं, दुसरी वाट शोधली, पुन्हा फळीपाशी आलं. कुडकुडल्यासारखा एक कोरडा आवाज काढत होतं. मी अंगणात कमरेवर हात ठेवून उभी होते आणि मराठीत सांगत होते, "आता बस बाहेर. लाडू खातोस?"

आतून डॉक्टरने हाक मारली. ती धाकटीला पाजत होती. गेले तर ती छताकडे बघत होती.

"आई, ऐक."

छतावर चिवचिव होत होती. चिमणीच्या घरट्यातल्यासारखी, पण जाड, रडकी.

"पिल्लं आहेत वर," ती म्हणाली. "ती बाहेर आणि पिल्लं आत. आई, ते उघडा. प्लीज. आत्ताच्या आत्ता उघडा."

तिचा आवाज मी असा कधी ऐकला नव्हता. रोज माणसांना भूल देणारी बाई. आवाज चढवायची तिला सवय नाही. आणि धाकटी दूध सोडून रडायला लागली, तेव्हा खाली एक, वर दोन-तीन, असा एकच गलका झाला.

डेक्लन बूट न घालताच धावला. तो शिडीवर होता, खिळे उपसत होता, तेवढ्यात माझा फोन वाजला. रमेशभावजींनी तुमच्या कागदाचा फोटो पाठवला होता. मोठ्या अक्षरांत, वाकडंतिकडं:

"मादी आहे. भर दुपारी बाहेर पडते म्हणजे पिल्लांना पाजते, भूक भागत नाही. मे महिन्यात पिल्लं आतच असतात. फळी ठोकू नका. ठोकली असेल तर आत्ता काढा. आत्ता."

खाली भावजींनी लिहिलं होतं: "वहिनी, मोहनराव बनियनवर खाली आले. चपला नाहीत. म्हणाले छापत बसू नका, फोटो काढा, आधी पाठवा."

फळी निघाली. मादी डेक्लनच्या डोक्यावरून, अक्षरशः त्याच्या केसांना पाय लावून, आत गेली. तो शिडीवरच बसून राहिला. मग म्हणाला, "ग्रँड." पहिल्यांदाच तो शब्द मला पटला.

आता तुमच्याबद्दल. तीन मजले. लिफ्ट नाही. गुडघ्यांसाठी तुम्ही दूध आणायला जात नाही, मत द्यायला गेला नाहीत, सख्ख्या मेहुण्याच्या लग्नाच्या पन्नासाव्या वाढदिवसाला गेला नाहीत. २२ मार्चला भावजी तुमच्या दारात धाकटीचे पेढे घेऊन आले तेव्हा तुम्ही दार उघडलं नाहीत. पेढे त्यांनी कडीला अडकवले आणि मुंग्यांनी खाल्ले. आणि काल आयर्लंडातल्या एका माळ्यावरच्या, कधी न पाहिलेल्या जनावराच्या पिल्लांसाठी तुम्ही अनवाणी जिना उतरलात.

माणूस म्हणून तुमच्याविषयी माझं जे मत होतं ते आता फार स्वच्छ झालं. पूर्वी मला वाटायचं, तुम्हाला माया नाही. आहे. बक्कळ आहे. फक्त पत्ता चुकीचा.

धुरी बंद केली आहे. धूर फटीतून माळ्यावर जातो. आमच्या घराण्यातल्या प्रत्येक मुलाला तीन महिने धुरी मिळाली. हिची एका चोरटीमुळे चुकली. डॉक्टरला आनंद झाला. तिला धुरी पहिल्या दिवसापासून नको होती, बोलत नव्हती.

प्र.


वॉटरफोर्ड, १० जून

प्रोफेसरसाहेब,

तुमची पत्रं आता इतकी येतात की भावजींनी शाईचं भाडं मागितलं तर नवल नाही. गेल्या वेळी चार पानं. मार्टन मांजर नव्हे. उदमांजराचा भाऊ तर नव्हेच. मांजराचं कूळ वेगळं, उदमांजराचं वेगळं, मार्टन मस्टेलिडी कुळातला. पाणमांजर, बिज्जू आणि स्कंक त्याच कुळातले. समागम उन्हाळ्यात, पण गर्भ मधले सहा-सात महिने थांबून राहतो आणि नव्या वर्षी वाढायला लागतो. नर पिल्लांकडे ढुंकून बघत नाही. स्वतःचा इलाखा राखतो, ठळक जागी विष्ठा टाकून तो आपला असल्याचं जाहीर करतो आणि एकटा राहतो. हे तुम्ही सहज लिहून गेलात. वाचून मी पाणी प्यायला उठले.

चारही पानांत ते एक नाव नाही. धाकटी कशी आहे, नाही. शेवटी फक्त: "५ जुलैला रमेश विमानतळावर गाडी घेऊन येईल. घरचा नियम तोच."

आता काही दुरुस्त्या माझ्याकडून.

एक. स्कंक मस्टेलिडी कुळात नाही. होता, तुमच्या पुस्तकात आहे, आणि ते पुस्तक तुमच्या सदऱ्याहून जुनं आहे. डीएनए तपासून त्याला तिथून केव्हाच काढलं. मी तीन ठिकाणी पडताळून पाहिलं. छत्तीस वर्षं वर्तमानपत्रात काढली ती काही बातम्यांना मथळे लावूनच नाही. कुळातून काढल्यावर स्कंकचं काय झालं म्हणाल, तर काही नाही. त्याचं स्वतःचं कूळ झालं. मेफिटिडी. सुखात आहे.

दोन. आयर्लंडात स्कंक नसतो हे मला माहीत होतं. मांजराची जात नव्हे हेही माहीत होतं. डेक्लनने त्याच दिवशी पुस्तक दाखवलं होतं. त्र्याऐंशी साली मी वाचकांच्या पत्रांचं टेबल सांभाळत असताना आमच्या अंकात कुणीतरी वटवाघळाला पक्षी केलं आणि तुमचं पहिलं पोस्टकार्ड आलं. अक्षर चांगलं होतं. पुढच्या आठवड्यात मी देवमाशाला मासा केलं. तुमचं दुसरं पोस्टकार्ड आलं. त्यानंतरच्या आठवड्यात तुम्ही स्वतः आलात. तुम्ही अजून लोकांना सांगता की प्रमोदिनीला प्राण्यांतलं काही कळत नव्हतं, मी शिकवलं. सांगा. तुम्हाला चूक दिसली की राहवत नाही, एवढं मला तेव्हाच कळलं होतं, आणि एका माणसाबद्दल एवढं कळलं तरी संसाराला पुरतं. आत्तापर्यंत पुरलं.

फळीचं मात्र मुद्दाम नव्हतं. पिल्लं मला ठाऊक नव्हती. ती चूक माझी, अस्सल.

वन्यजीव खात्याची बाई येऊन गेली. डेक्लननेच बोलावली, फळी ठोकली होती हेही त्यानेच आधी सांगून टाकलं, कोणी विचारण्याआधी. या माणसाला कबुल्या द्यायचा छंद आहे. बाई उंच, चिखलाचे बूट, चहा तीन कप. म्हणाली, महिनाअखेर पिल्लं बाहेर पडतील, तोवर हात लावू नका. मादी कायमची गेली याची खात्री झाली की बाई स्वतः येऊन भोकाला एक झडप लावेल. आतून ढकलून बाहेर जाता येतं. बाहेरून आत येता येत नाही.

मी म्हटलं, "असलं दार मी पाहिलंय. पुण्यात, तिसऱ्या मजल्यावर."

डॉक्टरने ते तिला इंग्रजीत सांगितलं नाही. पण हसली. बाळंतपणानंतर पहिल्यांदा अशी हसली, पोट धरून. डेक्लन विचारत राहिला, "व्हॉट? व्हॉट डिड शी से?"

मी बाईला विचारलं, मादी परत आली आणि दार उघडलं नाही, तर ती काय करते? बाई म्हणाली, एक-दोनदा हुंगते आणि निघून जाते. तिची कधी एकच जागा नसते. झाडाची ढोली असते, दगडांतली कपार असते, दुसरा माळा असतो. पिल्लं असलेली मादी एका दारावर जीव टाकत नाही.

हे तुमच्या चार पानांत नव्हतं. कदाचित पुस्तकातही नसेल.

प्र.


वॉटरफोर्ड, २८ जून

प्रोफेसरसाहेब,

तीन पिल्लं. काल संध्याकाळी लख्ख उजेडात, इथे या दिवसांत दहापर्यंत उजेड असतो, मादीने त्यांना एकेक करून बाहेर काढलं. पहिलं धीट होतं. दुसरं त्याच्या शेपटीला धरून. तिसरं भोकाच्या कडेवर बसून राहिलं. आई खाली जाऊन वर आली, पुन्हा खाली गेली, पुन्हा वर आली. रागावली नाही. शेवटी त्याचं मानगूट धरलं आणि घेऊन गेली. आम्ही चौघं स्वयंपाकघराच्या खिडकीत उभे होतो. डेक्लनच्या खांद्यावर धाकटी होती. तिने काही पाहिलं नाही. ती त्याचा कान चोखत होती.

पिल्लं झाडीत गेली. मला वाटलं होतं मला हायसं वाटेल. जाऊ द्या.

तुमचं परवाचं पत्र. मार्टनच्या पिल्लांची लांबी, दात, डोळे कधी उघडले, मादी दिवसातून किती वेळा बाहेर जाते, सगळं विचारलं आहे. अगदी खाली, दुसऱ्या शाईने, आधी लिहून खोडलेलं आणि मग पुन्हा लिहिलेलं एक वाक्य आहे: "पिल्लांचं वजन अंदाजे किती? आणि खालच्या खोलीतल्या पिल्लाचं?"

वाचून मी कागद डॉक्टरपुढे धरला. तिने वाचला. मग परत वाचला.

"हे बाबांनी लिहिलंय?"

"दुसरं कोण इतकं वाईट लिहील?"

तिने कागद घडी करून माझ्याकडे दिला, आणि थोड्या वेळाने येऊन परत घेऊन गेली.

तेव्हा उत्तर ऐका. मार्टनची पिल्लं आम्ही तोलली नाहीत; त्यांची आई दात दाखवते. खालच्या खोलीतल्या पिल्लाचं वजन दर आठवड्याला होतं. आकडा माझ्यापाशी आहे. पण खालच्या खोलीत "पिल्लू" नाही. माणसाची मुलगी आहे. तिला नाव आहे. तिच्या आईलाही आहे, तुम्हीच ठेवलेलं. पत्रिका बाजूला सारून, गच्चीवर आकाशाकडे बघून ठेवलंत आणि सगळ्या वाड्याला, क्षमा करा, सगळ्या सोसायटीला ओरडून सांगितलंत. अख्ख्या प्राणिसृष्टीची लॅटिन नावं तोंडपाठ असलेल्या माणसाला एक मराठी नाव उच्चारता येत नाही, आणि तो जिज्ञासा म्हणून शाई बदलून वजन विचारतो. दया यावी की किळस, हे मला ठरवता येईना. सध्या किळसेकडे कल आहे.

५ जुलैचं तिकीट पुढे ढकललं. नवी तारीख घेतलेली नाही. भावजींना गाडी काढायला लावू नका. मला इथे खोली आहे. मागच्या बाजूची, लहान, झाडीकडे खिडकी असलेली. डेक्लनने भिंतीला रंग दिला. रंग भयंकर आहे. मी त्याला ग्रँड म्हटलं.

त्या घरात मी परत येईन, मला ते घर आवडतं, माझ्या हातचं आहे. पण नियमासकट नाही. झडप लावून ठेवायची असेल तर ठेवा. मी दोनदा हुंगणार नाही. एकदाही नाही.

वजन हवं असेल तर आधी तुम्ही एक नाव लिहा. मग दुसरं मी लिहीन.

प्रमोदिनी


वॉटरफोर्ड, १२ जुलै

पूर्णिमाच्या बाबांस,

अख्खं फुलस्केप पान कोरं ठेवून मधोमध एकच शब्द लिहायचा, म्हणजे कागदाची नासाडी आहे. शिवाय अक्षर हललं आहे. छापायला मी ते परत पाठवलं असतं.

भावजी म्हणाले, पुन्हा जिना उतरून आलात. या वेळी चपला होत्या.

पान फ्रिजवर लावलं आहे. मी नाही, तिने.

रेवा. सहा किलो दोनशे. मोजमाप तिच्या आईचं आहे. काही शंका असेल तर स्वतः येऊन मोजा.

प्रमोदिनी